दोर कापणारा विषाणू

आठ-दहा दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेतून ओढून काढलेला स्राव एखाद्या सकाळी हिरवट दिसू लागतो. त्याला किंचित गोडसर वास येतो. अतिदक्षता विभागात काही वर्षे काढलेल्या सिस्टरला तेवढे पुरते. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधीच ती राउंडवर आलेल्या डॉक्टरांच्या कानावर घालते, ‘सर, स्यूडोमोनास वाटतोय.’ दोन-तीन दिवसांनी कल्चरचा अहवाल येतो. त्यात प्रतिजैविकांची, म्हणजे अँटिबायोटिक्सची, उभी यादी असते आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जीवाणू त्याला दाद देणार नाही. अलीकडे अशा कितीतरी अहवालांत वरपासून खालपर्यंत ‘आर’चीच रांग दिसते. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, याच्यापेक्षा वरचं इंजेक्शन नाही का?’ बरेचदा या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही’ असेच असते. हाताशी उरते ते कोलिस्टिनसारखे औषध. मूत्रपिंडांना त्याचा जाच होतो म्हणून एके काळी ते बाजूला ठेवले होते. नाइलाजाने पुन्हा कपाटातून काढावे लागले.

‘स्यूडोमोनास एरुजिनोझा’ हा काही दुर्मीळ जीव नाही. सिंकच्या नळीत, ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमधल्या पाण्यात, सतत ओल्या राहणाऱ्या कोपऱ्यात तो सुखाने नांदतो. धडधाकट माणसाच्या तो सहसा वाटेला जात नाही. भाजलेली कातडी, लघवीची नळी, श्वासनलिकेतली नळी, केमोथेरपीने खालावलेली प्रतिकारशक्ती असे एखादे दार उघडे दिसले की मात्र आत शिरतो. नव्या औषधांची सर्वांत निकड असलेल्या जीवाणूंची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये काढली, तेव्हा कार्बापेनेम गटाच्या औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास पहिल्या, ‘अतिगंभीर’ गटात होता. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला.

अशा जीवाणूला मारणारे नवे औषध शोधणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग त्याच्या हातातले हत्यार काढून घेण्याचा. हे काम एक अतिशय चिमुकला विषाणू कितीतरी काळापासून करत आला आहे आणि ते कसे, हे २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. या विषाणूचे नाव पीपी७.

घोरपड आणि दोर

स्यूडोमोनासच्या अंगावर विलक्षण बारीक, लवचीक तंतू असतात. शास्त्रीय भाषेत त्यांना ‘पिलाय’ म्हणतात, एकवचनी ‘पिलस’. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे या तंतूची जाडी. लांबी मात्र जीवाणूच्या स्वतःच्या लांबीइतकी, कधी त्याहूनही अधिक. या तंतूंची करामत अशी की जीवाणू तो बाहेर फेकतो, टोक कुठेतरी चिकटते आणि मग जीवाणू तो तंतू आत ओढून घेतो. तंतू आत येतो तसा जीवाणू पुढे सरकतो.

कोंढाण्याच्या कथेतली घोरपड आठवावी. कमरेला दोर बांधून ती कड्यावर सोडली जाते, ती नखे रोवून घट्ट बसते आणि खालून मावळे दोर धरून वर चढतात. जीवाणूचे तंत्र याच जातीचे. फरक इतकाच की दोर आणि घोरपड दोन्ही त्याच्याच अंगातली. दोर आत ओढण्यासाठी त्याच्या पेशीत प्रथिनांची छोटी यंत्रे बसवलेली असतात. ती दोर सोडतात, ओढतात, पुन्हा सोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे जीवाणू झटके देत सरकताना दिसतात ते यामुळेच.

रुग्णाच्या दृष्टीने या दोराला फार महत्त्व आहे. फुप्फुसाच्या पेशींना धरून राहणे, एका जागेवरून दुसरीकडे पसरणे, नळ्यांच्या आतल्या बाजूला वस्ती करणे या सगळ्यांत तो उपयोगी पडतो. ही वस्ती, म्हणजे ‘बायोफिल्म’, हा बुळबुळीत चिकट थर असतो. त्यात दडलेल्या जीवाणूंपर्यंत औषध नीट पोहोचत नाही. कॅथेटर बदलल्याशिवाय ताप उतरत नाही, असा अनुभव वॉर्डात वरचेवर येतो, त्यामागे हा थर असतो. दोर नसलेला स्यूडोमोनास जगतो, वाढतोही, पण आजार करण्याची त्याची ताकद बरीच कमी झालेली असते.

आता पीपी७. हा विषाणू माणसाच्या पेशींकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला फक्त स्यूडोमोनास हवा असतो आणि पकडायला लागतो तो नेमका हाच दोर. बाहेर फेकलेल्या दोराच्या कडेला तो चिकटतो. जीवाणू सवयीने दोर आत ओढतो आणि आपल्या मारेकऱ्याला आपल्याच हातांनी दारापर्यंत आणतो. तिथे विषाणूतला आरएनए पेशीत शिरतो. इथवरची कथा जुनीच होती. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी दोरांना चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट नजरेस आली. विषाणू चिकटलेला दोर आत जाताना तुटून पडत होता. विषाणूच्या कवचावरचे एकच प्रथिन दोराला इतके घट्ट धरते की ओढण्याच्या जोराने आणि दोराला पडणाऱ्या बाकाने तो तुटतो. दोर गेलेला जीवाणू नीट सरकू शकत नाही आणि त्याची आजार करण्याची क्षमता घटते. विषाणू त्याला पुढे फोडतो ते वेगळेच. त्याआधीच तो निःशस्त्र झालेला असतो.

जीवाणूला यातून सुटका नाही का? आहे. दोर बनवणेच सोडून दिले की पीपी७ त्याला पकडू शकत नाही. पण मग दोर गेला तो गेलाच. विषाणूला टाळावे तर हत्यार टाकावे लागते आणि हत्यार बाळगावे तर विषाणू येतो. इकडे आड, तिकडे विहीर अशी ही कोंडी. प्रतिजैविकांच्या बाबतीत असे क्वचितच घडते. तिथे जीवाणू औषधाला पुरून उरतो आणि त्यासाठी त्याला फारशी किंमतही मोजावी लागत नाही. फाजवर काम करणाऱ्यांना या कोंडीचे इतके आकर्षण का वाटते, ते यावरून कळावे.

न्यूयॉर्कच्या गटारातून

जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ किंवा नुसते ‘फाज’ म्हणतात. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ मध्ये ते पहिल्यांदा ओळखले. त्यानंतर चाळीसेक वर्षे जे जे फाज सापडले त्या सगळ्यांत डीएनए होता. दुसरीकडे माणसांचे, प्राण्यांचे आणि झाडांचे आरएनए विषाणू मात्र माहीत होते. पोलिओ, इन्फ्लुएन्झा, डेंग्यू हे सारे आरएनए विषाणू. त्याच कुळातला कोविडचा विषाणू तर आता घराघरात ठाऊक आहे. मग जीवाणूंनाच आरएनए विषाणू का नसावेत?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९६१ मध्ये टिम लोब या विद्यार्थ्याने आणि त्याचे मार्गदर्शक नॉर्टन झिंडर यांनी शहराच्या सांडपाण्यातून काही फाज वेगळे केले. त्यांना खरे तर वेगळेच काही हवे होते. ‘ई. कोलाय’ या आतड्यातल्या जीवाणूत दोन प्रकार असतात. एकाच्या अंगावर ‘एफ’ नावाचा तंतू असतो आणि त्याच्या मदतीने तो शेजाऱ्याला आपली काही जनुके देतो. दुसऱ्याकडे हा तंतू नसतो. त्या काळच्या शास्त्रज्ञांनी देणाऱ्याला ‘नर’ आणि घेणाऱ्याला ‘मादी’ म्हणून टाकले. नावे थोडी गमतीची आहेत, कारण मादीला एकदा ती जनुके मिळाली की तीही नर होते! लोब आणि झिंडर फक्त नरांवर हल्ला करणारे फाज शोधत होते. ते मिळाले आणि त्यांतल्या एकात, एफ२ मध्ये, डीएनएच्या जागी आरएनए निघाला. त्याच काळात जपानमध्ये इतारू वातानाबे यांना क्यू-बीटा आणि अमेरिकेत जॉन क्लार्क यांना एमएस२ हा याच घराण्यातला फाज मिळाला. एमएस म्हणजे ‘मेल स्पेसिफिक’, नरांपुरता. पीपी७ची नोंद १९६६ मधली.

या विषाणूंचा संसार किती आटोपशीर असावा? एमएस२चा व्यास सुमारे २७ नॅनोमीटर. आरएनएची लांबी ३,५६९ अक्षरे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी असतात. जनुके फक्त चार. एक कवचाचे प्रथिन बनवते आणि त्याच्या १८० प्रती जुळून कवच तयार होते. दुसरे तंतूला पकडणारे प्रथिन बनवते. तिसरे आरएनएच्या नकला काढणाऱ्या यंत्राचा एक भाग आणि चौथे शेवटी जीवाणूला फोडणारे प्रथिन. क्यू-बीटाचे तर आणखी नवल. नकला काढायच्या यंत्राला चार भाग लागतात, त्यांतला एकच हा विषाणू स्वतः आणतो आणि उरलेले तीन जीवाणूच्या प्रथिनांमधून उसने घेतो. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारेही इतक्या कमी सामानात निघत नसतील.

लहान असल्यामुळेच विज्ञानाच्या इतिहासात त्यांना मोठे स्थान मिळाले. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात वॉल्टर फियर्स यांच्या गटाने १९७२ मध्ये एमएस२च्या कवचाच्या जनुकाची अक्षरे ओळीने वाचली. पूर्ण वाचले गेलेले हे जगातले पहिले जनुक. १९७६ मध्ये त्याच गटाने एमएस२चा सगळा जनुकसंच वाचून काढला, तोही जगातला पहिलाच. कोविडच्या नव्या उपप्रकाराची अक्षरे आज काही तासांत वाचली जातात, त्या वाटेची सुरुवात या गटारातल्या विषाणूपासून झाली आहे.

नरांच्या त्या तंतूकडे डॉक्टरांनी वेगळ्या नजरेने पाहायला हवे. जीवाणू एकमेकांना जी जनुके देतात, त्यांत औषधांना दाद न देण्याची जनुकेही असतात. ‘प्लास्मिड’ नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर ती असतात आणि अशा बऱ्याच प्लास्मिडांमध्ये तंतू बनवण्याचा आराखडाही असतो. एका रुग्णाच्या आतड्यातला जीवाणू निरुपद्रवी असला, तरी त्याच्याकडचे असे वर्तुळ शेजारच्या घातक जीवाणूकडे जाते. रुग्णालयांतून औषधरोध पसरण्याचा हा मोठाच राजमार्ग आहे. आणि आरएनए फाज नेमक्या याच तंतूंवर चढतात. १९७३ मध्ये वर्णन झालेला पीआरआर१ हा फाज तर औषधरोधाचे एक विशिष्ट प्लास्मिड बाळगणाऱ्या जीवाणूंनाच धरतो, मग तो ई. कोलाय असो की स्यूडोमोनास. त्याला जीवाणूच्या जातीशी देणेघेणे नसते, अंगावर तो तंतू आहे की नाही एवढेच तो पाहतो. औषधरोध ज्या पुलावरून येतो, त्याच पुलावर पहारा बसवण्याची ही कल्पना आहे. प्रत्यक्ष रुग्णांत ती आजमावण्याइतकी अजून पुढे गेलेली नाही.

विटा, गाडी आणि गवंडी

आत शिरलेल्या विषाणूला काही हजार पिल्ले तयार झाल्यावर बाहेर पडायचे असते. वाटेत जीवाणूची भिंत असते. मोठ्या डीएनए फाजांकडे ही भिंत विरघळवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, असतात. चार जनुकांच्या विषाणूला ती चैन परवडत नाही. त्याने शोधलेली युक्ती औषधशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

जीवाणूची भिंत बांधणे म्हणजे घराचे बांधकाम समजावे. आत भट्टीवर विटा पाडल्या जातात. त्या गाडीवर चढवल्या जातात. गाडी दारातून बाहेर काढली जाते आणि बाहेर गवंडी एकेक वीट जागेवर बसवतो. जीवाणू वाढत असतो, तोवर हे काम क्षणभरही थांबून चालत नाही. थांबले तर भिंत कमकुवत होते आणि आतल्या दाबाने जीवाणू फुटतो. पेनिसिलिन आणि त्याच्या गोतावळ्यातली औषधे बाहेरच्या गवंड्याचे हात बांधतात. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी पुडी पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायला देतात ते फॉस्फोमायसिन हे औषध भट्टीवरची पहिली पायरीच बंद पाडते. त्या पायरीच्या विकराचे नाव ‘मर-ए’. फॉस्फोमायसिन स्पेनमधल्या मातीतल्या जीवाणूपासून मिळाले, त्याची माहिती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली.

२००१ मध्ये थॉमस बर्नहार्ट, रायलंड यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यू-बीटा जीवाणूला कसा फोडतो ते शोधून काढले. त्याचे प्रथिन भिंतीला हातच लावत नाही. ते थेट भट्टीवर जाते आणि मर-ए बंद पाडते. मातीतल्या एका जीवाणूने आणि सांडपाण्यातल्या एका विषाणूने, एकमेकांशी काही संबंध नसताना, जीवाणूच्या बांधकामातले तेच एक नाजूक ठिकाण हेरले होते. या प्रथिनाला संशोधकांनी ‘प्रथिनरूपी प्रतिजैविक’ म्हटले, ते अगदी यथायोग्य आहे.

त्यानंतर एकेका छोट्या फाजाची युक्ती उलगडत गेली. फाय-एक्स-१७४ हा आरएनए घराण्यातला नाही, त्याच्याकडे डीएनए असतो, पण तोही असाच गरीब संसाराचा. तो विटा गाडीवर चढवणाऱ्या विकराला अडवतो. ‘एम’ नावाच्या आरएनए फाजाचे अवघ्या ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन गाडी दारातून बाहेर काढणारे प्रथिन रोखते. त्या दारवानाचे नाव ‘मर-जे’, आणि २०१७ मध्ये हा शोध लागला. स्यूडोमोनासचा दोर कापणारा आपला पीपी७सुद्धा शेवटी याच मर-जेवर घाला घालतो, हे त्यानंतर स्पष्ट झाले. एम आणि पीपी७ यांच्या त्या प्रथिनांत रचनेचे साम्य नाही. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच दाराला कुलूप लावले आहे.

दवाखान्यात आज वापरात असलेले एकही प्रतिजैविक मर-जेवर काम करत नाही. नवे प्रतिजैविक म्हणून गेल्या काही दशकांत बाजारात आलेली बहुतेक औषधे जुन्याच ठिकाणांवर नेम धरणारी आहेत. रेणूला नवी शेपटी, नवे नाव, नवी किंमत. त्यामुळे जीवाणूलाही त्यांचा तोड चटकन सापडतो. कुठे मारले असता जीवाणू कोसळतो, याचा नवा पत्ता मिळणे ही या क्षेत्रातली खरी दुर्मीळ गोष्ट आहे. मर-जे हा तसा पत्ता आहे. तो हुडकायला कोट्यवधी वर्षांचा अनुभव असलेला वाटाड्या मिळाला, हे आपले भाग्यच.

उत्साहाला थोडा लगाम

फाजने उपचार होतात, हे ऐकून अनेक कुटुंबे आशेने चौकशी करतात. जॉर्जिया देशाची राजधानी तिबिलिसी इथे १९२३ मध्ये स्थापन झालेली एलियावा संस्था फाज-उपचारांसाठी प्रसिद्ध आहे आणि भारतातूनही रुग्ण तिथे गेलेले आहेत. पण तिथे आणि इतरत्र उपचारांत वापरले जाणारे फाज जवळजवळ सगळे डीएनएचे आहेत. आरएनए फाज औषध म्हणून देण्यात अडचणी आहेत. त्यांचे भक्ष्य अतिशय ठरावीक असते. ई. कोलायच्या ज्या नमुन्यावर एफ तंतू नाही, त्याला एमएस२ शिवतसुद्धा नाही. शिवाय आरएनएच्या नकला काढताना चुका फार होतात. सोल स्पीगेलमन यांनी १९६७ मध्ये क्यू-बीटाचा आरएनए परीक्षानळीत पुन्हापुन्हा वाढवून पाहिला. ७४ वेळा एका नळीतून दुसरीत नेल्यावर मूळ लांबीच्या जेमतेम १७ टक्के आरएनए उरला होता. नळीत जीवाणूला पकडायची गरज नव्हती, म्हणून त्याने तो सारा भाग टाकून दिला आणि फक्त भराभर वाढण्यापुरते शिल्लक ठेवले. इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या जिवाची औषधासारखी एकसारखी बाटली भरणे सोपे नाही.

तरीही एक पाऊल पडले आहे. चीनमध्ये रुग्णालयाच्या सांडपाण्यातून फाय-वाय-वाय हा फाज मिळाला आणि २०१६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्यात दुपेडी आरएनए असतो आणि तो स्यूडोमोनासला मारतो. तो तंतूवर अवलंबून नाही. जीवाणूच्या अंगावरच्या साखरेच्या रेणूंचा बाहेरचा झुपका गळून पडला असेल, तर आतल्या उघड्या भागाला तो धरतो. फुप्फुसात वर्षानुवर्षे ठाण मांडलेले स्यूडोमोनास बऱ्याचदा असेच झुपका टाकलेले असतात, आणि काही डीएनए फाजांपासून वाचण्यासाठीही जीवाणू हीच युक्ती करतो. म्हणजे एका फाजाच्या तावडीतून सुटला की तो दुसऱ्याच्या हाती सापडतो. फुप्फुसाच्या दीर्घ आजारात स्यूडोमोनासचा संसर्ग असलेल्या एका रुग्णाला हा फाज वाफाऱ्यातून दिल्याचा अहवाल २०२३ मध्ये आला. दुपेडी आरएनए फाज माणसाला दिल्याची ती पहिली नोंद. एका रुग्णावरून निष्कर्ष काढू नयेत, हे वैद्यकातले जुने पथ्य इथेही पाळावे. फाज-उपचार अजून नेहमीच्या उपचारांचा भाग झालेले नाहीत. इंटरनेटवरून बाटली मागवून तो प्रयोग घरी करण्याचा मोह कुणालाही होऊ नये.

एका अर्थी मात्र हे विषाणू आपल्या कामी केव्हाच लागलेले आहेत. २०२० मध्ये कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीसाठी नाकातून स्वाब दिलेला आठवत असेल. काही किटमध्ये प्रत्येक नमुन्यात एमएस२ मुद्दाम मिसळला जात असे. चाचणीत कोविडचा विषाणू नाही सापडला आणि एमएस२ सापडला, तर रुग्ण खरोखर ‘निगेटिव्ह’. दोन्ही सापडले नाहीत, तर चाचणीच बिघडली, पुन्हा करा. ज्याला आरएनए आहे पण माणसाला जो काहीही करत नाही, असा साक्षीदार यासाठी हवा होता.

पाण्याच्या बाबतीतही तेच. पिण्याच्या पाण्याची तपासणी म्हणजे आपल्याकडे प्रामुख्याने कोलिफॉर्म जीवाणूंची मोजणी. पण क्लोरीनने ई. कोलाय लवकर मरतो, कितीतरी विषाणू त्याहून चिवट असतात. इचलकरंजीत २०१२ मध्ये पसरलेली कावीळ हिपॅटायटिस ई या पाण्यातून येणाऱ्या विषाणूची होती, आणि तोही आकाराने एमएस२च्या आसपासचा, आरएनएवालाच. घातक विषाणू प्रत्येक नमुन्यात शोधणे महागडे आणि किचकट असते. त्याऐवजी मैल्याबरोबर येणारे एफ-आरएनए फाज मोजले तर पाण्यात विषाणू टिकून राहण्याची शक्यता किती, याचा अंदाज येतो. त्यांच्या चार गटांपैकी दोन साधारणपणे माणसांच्या मैल्यात आणि दोन जनावरांच्या मैल्यात आढळतात. त्यामुळे पाइपलाइनमध्ये शिरलेली घाण वस्तीतली की गोठ्यातली, तेही कळू शकते. जिथे दर पावसाळ्यात कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ ठरलेली असते, तिथल्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांना ही मोजणी जड जाऊ नये.

गाळातला खजिना

१९६१ पासून जवळजवळ पन्नास वर्षे आरएनए फाज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच माहीत होते. शोधणारे ई. कोलायवर शोधत होते, आणि सांडपाण्यातल्या विषाणूंची अक्षरे वाचणारी यंत्रे डीएनए वाचत होती. नाजूक आरएनए त्यांच्या हाती लागतच नव्हता. आरएनए वाचणारी तंत्रे आल्यावर चित्र बदलले. २०१६ मध्ये एका अमेरिकी गटाने सार्वजनिक संग्रहांमधली जुनी माहिती चाळून सव्वाशेच्या आसपास नवे प्रकार दाखवले. २०२० मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतला गाळ आणि पाण्याचे साठे यांच्या नोंदींतून एक हजाराहून अधिक जवळपास पूर्ण जनुकसंच बाहेर काढले. त्यांतले बहुतेक कुठल्या जीवाणूवर जगतात, तेही ठरायचे आहे.

यांतल्या प्रत्येकाला कुठल्यातरी जीवाणूला फोडून बाहेर यावेच लागते, म्हणजे प्रत्येकाकडे काहीतरी युक्ती असणारच. ती शोधण्याची पद्धत साधी आहे. फाज प्रत्यक्ष हातात नसला तरी चालते. त्याचे जीवाणू फोडणारे जनुक ओळखायचे, कृत्रिमरीत्या बनवायचे आणि ई. कोलायमध्ये घालायचे. चंबूतला रस्सा जीवाणूंनी गढूळ झालेला असतो. मग ते जनुक सुरू करायचे आणि पाहत बसायचे. जनुकात दम असेल तर थोड्याच वेळात चंबू नितळ दिसू लागतो. तळाशी तरून राहिलेले दोन-चार जीवाणू असतात, ते उचलून त्यांच्यात काय बदलले आहे ते वाचायचे. बदल सहसा तिथेच असतो, जिथे विषाणूने घाव घातला. मर-ए असाच सापडला होता.